डावा लाव, उजवा लाव

ही घडलेली गोष्ट आहे. नावं मी बदलली आहेत, गावाचंही. खुर्चीचा क्रमांक मात्र बदललेला नाही. तो मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय.

४४१७.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावात, हेलेविकमध्ये, मी सत्तावीस वर्षं राहते. ओडवार हा माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. जे घडलं ते त्याच्या बाबतीत. माझ्या स्वयंपाकघरात बसून, समोरची कॉफी गार करत, त्यानं ते तीन आठवड्यांत तुकड्या-तुकड्यानं सांगितलं.

तारीख सतरा नोव्हेंबर. गुरुवार.

रात्र नव्हती. दुपारचे साडेतीन. पण नोव्हेंबरात इथे ढगाळ दिवशी साडेतीनलाच घरात दिवा लावल्याशिवाय काही दिसत नाही.

ओडवार व्हीलचेअर दुरुस्त करतो. आमच्याकडे ही खुर्ची कुणी विकत घेत नाही. सरकार वापरायला देतं. माणूस बरा झाला की खुर्ची परत. माणूस गेला तरी परत. मग ती धुवायची, तेल घालायचं, स्क्रू आवळायचे आणि पुढच्या माणसाला द्यायची. एकेक खुर्ची चार-चार माणसांची ऊब घेऊन फिरते.

ओडवारच्या हाताला एक सवय. खुर्ची कारखान्यात आली की आधी चाकांत हवा भरायची. बाकी सगळं नंतर. तीस वर्षांची सवय, डोकं दुसरीकडे असलं तरी हात पंपाकडे जातो.

त्या सवयीनंच घात केला.

तीन वर्षांपूर्वी ४४१७ ही आगोतची खुर्ची होती. आगोत म्हणजे आमच्या गावातल्या म्हाताऱ्या एलिंगकाकांची बायको. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. काका तिला रोज धक्क्यावर न्यायचे. ते होडीतून मासे काढायचे आणि ही वरून त्यांच्या चुका काढायची. खुर्ची उभी करताना तिचं एक गाणं असायचं, तिनंच जुळवलेलं. सगळ्या गावाला पाठ होतं.

डावा लाव, उजवा लाव, मग सोड हात,
नाही तर जाईन मी लाटांच्या आत.

काका ब्रेकचे दोन्ही दांडे ओढायचे. खट. खट. मगच होडीकडे वळायचे.

जूनमधल्या एका लख्ख दुपारी ते वळले... आणि मागे पाण्याचा आवाज झाला.

आगोत वाचली नाही. खुर्ची वर काढली तेव्हा दांडे सुटलेले होते. ओढून काढणाऱ्यांनी सोडले, की आधीपासूनच सुटलेले होते, कुणालाच सांगता येईना. काका म्हणत राहिले, "मी दोन्ही लावले होते. मला आवाज आला होता."

पोलिसांनी खुर्ची ओडवारकडे पाठवली. सोमवारी तपासायला येतो म्हणाले.

शनिवारी ओडवारनं ती आत घेतली. गोड्या पाण्यानं खारटपणा धुतला. आणि पंप लावला.

दोन्ही चाकं भरून झाल्यावर त्याला आठवलं... भरण्याआधी त्याचा अंगठा टायरमध्ये रुतला होता. खोल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या खुर्चीचा ब्रेक म्हणजे एक लोखंडी बोट असतं, ते टायरवर दाबून बसतं. टायर मऊ पडला की बोट नुसतं टेकतं. दांडा ओढला जातो, खट वाजतं, माणूस निर्धास्त होतो. खुर्ची मात्र मोकळीच असते.

आणि एप्रिलच्या तपासणीच्या चिठ्ठीवर 'चाकं ठीक' अशी ओडवारची सही होती. एप्रिलमध्ये तो गेलाच नव्हता. फोन केला होता. आगोत म्हणाली होती, "सगळं ठीक आहे रे बाबा, माझे गुडघे तेवढे दुरुस्त कर."

सोमवारी पोलीस आला. खुर्ची उतारावर ठेवली, दांडे ओढले, जोर लावून ढकलली.

जागची हलली नाही.

"ब्रेक उत्तम आहेत," तो म्हणाला. "म्हातारा विसरला."

ओडवारनं पंपाची नळी गुंडाळून ठेवली.

काकांना शिक्षा झाली नाही. पण दुकानात ते आले की बोलणं थांबायचं. त्यांची एकुलती लेक ऊन्नी, बर्गनला असते, तिनं ख्रिसमसला यायचं बंद केलं. फोनवर बापाला एवढंच म्हणाली, "आई रोज गाण्यात सांगत होती. तुम्ही एवढंही ऐकलं नाहीत."

तीन वर्षं गेली.

ऑक्टोबरात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. सतरा नोव्हेंबरला ते शुश्रूषागृहातून घरी यायचे होते. त्याच सकाळी खुर्च्या वाटणाऱ्या सरकारी कचेरीतली गुनवर यादी घेऊन आली.

"एलिंगसाठी ४४१७."

"दुसरी दे."

"त्या मापाची दुसरी नाही. तीन वर्षं तू तिला वरच्या फळीवर जपून ठेवलीयस, नवरीसारखी. आता पाठव की सासरी."

"गुनवर, ती आगोतची आहे."

गुनवरचा चेहरा जरा उतरला. "धुतलेली आहे ना? मग कुणाचीच नाही. त्यांना नको सांगूस, झालं."

ओडवारनं खुर्ची खाली काढली.

पुढच्या छोट्या चाकांच्या आसात नेहमी केस गुंतलेले असतात. जमिनीवरचे, अंगावरचे. कुठलीही खुर्ची घ्या. पण ही त्यानं स्वतः साफ करून ठेवली होती.

चिमट्यानं ओढला... लांब, पांढरा केस.

ओला.

त्याच्याबरोबर शेवाळाचा एक हिरवा धागा आला.

त्यानं तो चिंधीत पुसला. हवा भरली. पंपाचा काटा पाहिला, बरोबर. कॉफी घेऊन आला. अंगठा टेकवला...

रुतला.

ट्यूब काढून पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. परत बसवली, परत भरली. हात धुऊन येईपर्यंत परत मऊ.

तेव्हा त्यानं भरीव टायर बसवले. त्यांत हवा नसते. आतून सगळा फोम. ते मऊ पडूच शकत नाहीत.

काम संपलं तेव्हा साडेतीन वाजले होते. त्यानं कोट घातला, दिवा बंद केला.

मागे अंधारात आवाज झाला.

खट.

आणि थोड्या वेळानं... खट.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. खुर्चीकडे न बघताच ती हातानं चाचपडून गाडीत चढवली. तसं तो मला दोनदा म्हणाला. "मी बघितलं नाही, वहिनी."

काका दारात वाट बघत होते, शुश्रूषागृहाच्या उसन्या खुर्चीवर. ती न्यायला माणूस बाहेर गाडी चालू ठेवून उभा होता. दोघांनी मिळून काकांना ४४१७ वर बसवलं. उसनी घेऊन तो गेला.

ओडवारनं नेहमीचं सांगायला सुरुवात केली. उठता-बसता आधी ब्रेक लावायचे. पाय ठेवायच्या पट्टीवर उभं राहायचं नाही, खुर्ची पुढे कलंडते. उतारावर खुर्ची उलटी न्यायची, माणसाचं तोंड चढाकडे.

"तिला... समुद्र बघायचा असायचा," काका म्हणाले. झटक्यानंतर शब्द सावकाश यायचे, एकेक करून, दगड उचलल्यासारखे. "म्हणून... तोंड तिकडे."



काकांनी डावा हात हातकठड्यावरून फिरवला. पुढून मागे, मागून पुढे. खालच्या अंगाला एका जागी बोट थांबलं. तिथे एक खाच होती. आगोत मासे सोलायच्या सुरीला तिथे धार लावायची, काका कितीही ओरडले तरी.

"ही... तिची आहे."

"नाही काका. अशा पुष्कळ असतात."

"ओडवार."

"नाही म्हटलं ना."

खुर्ची दाराबाहेरच्या लाकडी उतारावर उभी होती. दाराच्या दिव्याचा उजेड जेमतेम तिच्यावर पडत होता. दोन्ही दांडे ओढलेले. ओडवारनं स्वतः ओढले होते. उतार संपतो तिथे रस्ता, आणि रस्ता सरळ धक्क्यावर.

तोंड समुद्राकडे होतं. ओडवारनं तर ते घराकडे केलं होतं...

आणि खुर्ची निघाली.

आवाज नाही. करकर नाही. जशी पाण्यावरून होडी सुटते तशी.

ओडवारनं ढकलायच्या दोन्ही मुठी मागून धरल्या. टाचा रोवल्या. ओल्या फळ्यांवर तो घसरत गेला. नव्वद किलोचा गडी, आणि खुर्ची त्याला लहान मुलासारखी ओढून नेत होती. त्याची नजर खाली गेली. भरीव टायर ब्रेकच्या बोटाखाली चेपले होते, लोण्यासारखे.

काका ओरडले नाहीत. ते गुणगुणत होते. की दुसरंच कुणी, ते ओडवारला आजही सांगता येत नाही.

डावा लाव... उजवा लाव...

"काका, तुम्ही लावले होते," ओडवार बोलून गेला. "दोन्ही लावले होते. टायरमध्ये हवा नव्हती. तुमची चूक नव्हती."

खट.

डावं चाक जागच्या जागी आवळलं गेलं. उजवं मात्र फिरतच राहिलं. त्यामुळे खुर्ची डाव्या चाकावर गर्रकन वळली, मुठी ओडवारच्या हातातून सुटल्या... आणि काकांचं तोंड ओडवारसमोर आलं.

थांबली.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. उजवा कोरडा.

"तुला... कसं कळलं?"

ओडवारला तेव्हा सगळं सांगता आलं असतं. अंगठा, पंप, शनिवार, सोमवार, खोटी सही. जिभेवर होतं, म्हणतो.

"जुनी चिठ्ठी सापडली, काका. आजच. दुसऱ्या कुणीतरी केलेली तपासणी. त्यात टायर मऊ असल्याचं लिहिलं होतं."

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "ऊन्नीला... फोन लाव. तू सांग. माझं... नाही ऐकणार."

त्यानं लावला. तेच सांगितलं. पलीकडे ती रडत होती. काका फोन कानाशी धरून नुसते बसले.

ओडवारनं वाकून उजव्या टायरवर अंगठा ठेवला.

रुतला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती खुर्ची परत नेली आणि लांबच्या केंद्रातून दुसरी मागवून आणली. गुनवरला म्हणाला, ब्रेकला भरवसा नाही.

काका फेब्रुवारीत गेले. ऊन्नी शेवटचे दोन महिने बापाजवळ होती, एवढं बरं झालं. दफन झाल्यावर चर्चबाहेर तिनं ओडवारचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही ती चिठ्ठी शोधली नसती, तर मी बाबांना तसंच जाऊ दिलं असतं. हे उपकार मी विसरणार नाही."

ओडवारनं ते उपकार घेतले. हात सोडवले नाहीत.

४४१७ पुन्हा वरच्या फळीवर आहे. रोज दुपारी साडेतीनला कारखान्यात आवाज येतो. गुनवरनंही ऐकलाय, ती म्हणते, थंडीनं लोखंड आकसतं.

एकच आवाज. खट.

मग ओडवार हातातलं काम टाकून दुसऱ्याची वाट बघत उभा राहतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो येत नाही.

मार्चमध्ये मी स्वतः जाऊन पाहिली. डावा ब्रेक लागलेला, उजवा सुटलेला. डावा टायर दगडासारखा. उजव्यावर मी अंगठा ठेवला आणि लगेच काढून घेतला. अजून तो गारवा बोटाला जाणवतो.

"ऊन्नीला सांगून टाक," मी ओडवारला म्हटलं.

"वहिनी, माझी निवृत्ती पुढच्या वर्षी. आणि तिनं माझे हात धरले होते. आता कुठल्या तोंडानं?" मग त्यानं मला शपथ घातली. या गावात कुणाला सांगायचं नाही.

मी शपथ मोडलेली नाही. इथे कुणाला मराठी येत नाही. म्हणून तर तुम्हाला सांगतेय.

काल संध्याकाळी ऊन्नीचा फोन आला होता. उन्हाळ्यात येतेय, वडिलांचं घर आवरायला. बोलता बोलता म्हणाली, "ती चिठ्ठी मला एकदा बघायची आहे. ओडवार म्हणतो हरवली. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

मी म्हटलं, "नाही गं. मला काही ठाऊक नाही."

फोन खाली ठेवला.

माझ्या स्वयंपाकघरात चाक असलेली एकही वस्तू नाही. मी नंतर सगळं शोधून पाहिलं. टेबलाखालीसुद्धा.

तरी पाठीमागे, अगदी जवळून...

खट.

एकदाच.