पिवळ्या बाणांची प्रदक्षिणा

"त्या बघ, परत आल्या!" तोंडातला केक न संपवताच वित्सेने बोट दाखवलं.

चर्चच्या कट्ट्यावर बसलेल्या निंकेने मान वर केली. लाल टोपीवाल्या एक आजीबाई आणि त्यांच्यामागे धापा टाकणारे आजोबा सायकली रेटत चौकातून चालले होते. सकाळपासून ही त्यांची तिसरी खेप. पहिल्या वेळी आजीबाईंनी हसून हात केला होता, दुसऱ्या वेळी नुसती मान हलवली होती, आणि आता त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

"तुमच्या गावात सुट्टीत हीच करमणूक असते का?" इल्यासने विचारलं. तो निंकेचा मित्र, सुट्टीसाठी रॉटरडॅमहून आलेला. आल्या दिवशीच गाईला घाबरून तो खंदकात उडी मारायला निघाला होता. तेव्हापासून निंकेचा धाकटा भाऊ वित्से त्याला दिवसातून चारदा तरी हंबरून दाखवायचा.

निंकेला मात्र हसू आलं नाही. तिला पाकेंची, म्हणजे तिच्या आजोबांची काळजी लागली होती. पाके कालव्यावर सायकलस्वारांचा तराफा चालवत. एक मोठं चक्र हाताने फिरवायचं, की साखळी ओढली जायची आणि तराफा पलीकडच्या काठाला लागायचा. वर्षानुवर्षं त्यांनी हे काम पगार न घेता, हौसेने केलं होतं. आता खांदा साथ देत नव्हता, म्हणून उद्या त्यांचा शेवटचा दिवस होता. आणि नेमकं याच आठवड्यात तराफ्याकडे कुणी फिरकत नव्हतं! पाके आपले थर्मास घेऊन दिवसभर एकटेच बसून राहायचे. काल जेवताना ते म्हणाले होते, "लोकांना माझी गरज उरली नाही. चांगलंच आहे." आणि बटाटे ताटात तसेच टाकून उठले होते. ते 'चांगलंच आहे' निंकेच्या डोक्यातून जात नव्हतं.

ती धावत आजीबाईंपाशी गेली. कुठे जायचंय, असं तिने विचारलं.

"तराफ्याला गं बाळ," आजीबाई म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात येतो आम्ही. बाण धरूनच चाललोय, पण तराफा काही येत नाही."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सायकलींवर टांग मारली.

चर्चपासूनचा बाण कालव्याच्या रस्त्याकडे नेत होता. तिथे नगरपालिकेने नळासाठी चर खणला होता आणि कठड्यावर सायकलचं चित्र असलेला पिवळा बाण लावला होता: बांधाच्या रस्त्याने जा. मुलं बांधावर गेली. तिथे बांध आणि कालवे सांभाळणाऱ्या पाणी मंडळाचं यंत्र माती उपसत होतं. तिथेही तसाच कठडा, तसाच पिवळा बाण: मागे वळा, चर्चच्या चौकातून कालव्याच्या रस्त्याला लागा. बाण धरून मुलं निघाली आणि पुन्हा चर्चपुढे हजर झाली.

"म्हणजे दिवसभर प्रदक्षिणा!" इल्यास म्हणाला. "मग तुमच्या गावातल्यांना कसं कळलं नाही?"

गावातले लोक बाण बघतच नव्हते. ते फाटक उघडून गेर्लोफकाकांच्या कुरणातून थेट तराफ्यापर्यंत जायचे. मुलं आधी गेर्लोफकाकांकडे पळाली. पण काका ऐकेनात. "गावातल्यांना फाटक लावायची सवय आहे. बाहेरच्या एकाने जरी ते उघडं टाकलं, तर माझ्या गाई कालव्यात. पाट्या लावणाऱ्यांनी येऊन मला विचारावं, मग बघू."

निंकेने नगरपालिकेच्या हूक्स्त्राबाईंना फोन केला. त्या गोड आवाजात म्हणाल्या की आमचा बाण बरोबर बांधाकडे नेतो, पुढचं पाणी मंडळाला विचार. पाणी मंडळाचे ब्राउअरसाहेबही तितक्याच गोड आवाजात म्हणाले की आमचा बाण बरोबर कालव्याकडे नेतो, पुढचं नगरपालिकेला विचार. नकाशा त्यांनी स्वतः काढला होता म्हणे.

"आपणच बाण फिरवू या," वित्से म्हणाला.

"पाट्यांना हात लावलेला पाकेंना खपायचा नाही," निंके म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "अरे, उद्या पाकेंच्या निरोपाला दोघंही येणार आहेत. बाई फुलं घेऊन आणि साहेब भाषण घेऊन."

तिने पुन्हा दोन फोन केले. आपण सायकलवरून आलात तर पाकेंना फार आनंद होईल, एवढंच ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं कट्ट्यावर संत्र्याचा केक मांडून बसली. लाल टोपीवाल्या आजीबाई आज पुन्हा नशीब आजमावायला आल्या होत्या. बाणांनी दमवलेले बाकीचे सायकलस्वारही निंकेने बोलावून बसवून घेतले. मांडीवर बशा ठेवून सगळे चौकाकडे बघत राहिले.

हूक्स्त्राबाई फुलांचा गुच्छ घेऊन झोकात कालव्याच्या रस्त्याला लागल्या. थोड्या वेळाने ब्राउअरसाहेबही शीळ घालत त्याच रस्त्याने गेले. मग बराच वेळ काहीच घडलं नाही. शेवटी दोघंही घामाघूम होऊन एकाच वेळी चौकात आले. फुलांनी माना टाकल्या होत्या.

"तुमच्या बाणाने मला परत इथे आणून सोडलं," बाई म्हणाल्या.

"पण त्याआधी तुमच्या बाणाने मला बांधावर पाठवलं," साहेब म्हणाले.

"केक घ्या," वित्से म्हणाला. "सगळे इथेच येतात."

कट्ट्यावर हशा पिकला. दोघांचे चेहरे आजीबाईंच्या टोपीसारखे लाल झाले. निंकेने मग कुरणाची वाट सांगितली, आणि दोघं निमूटपणे गेर्लोफकाकांच्या दारात जाऊन उभे राहिले. काकांनी एकच विचारलं, फाटकावर कोण थांबणार?

"मी," इल्यास म्हणाला. आवाज जरा कापला, पण शेवटची सायकल जाईपर्यंत तो फाटक धरून उभा राहिला. एका गाईने तर त्याची बाहीसुद्धा चाटली.

सायकलींच्या घंट्यांचा आवाज ऐकून पाके तराफ्याजवळच्या आपल्या झोपडीबाहेर येऊन उभे राहिले. कुरणातून सायकलींची रांगच्या रांग येत होती. निंकेने धापा टाकत सगळा प्रकार सांगितला. "ते तुम्हाला विसरले नव्हते, पाके. त्यांना तुमच्यापर्यंत पोचताच येत नव्हतं."

पाकेंनी तिचा हात घट्ट धरला.

ब्राउअरसाहेबांनी भाषणाचा कागद काढला, बघितला आणि परत खिशात घातला. "नकाशा काढण्याआधी एकदा सायकल चालवून बघायला हवी होती," ते म्हणाले. "ते या तिघांनी केलं. मुलांनो, तुमचे फार आभार." हूक्स्त्राबाईंनी निम्मी फुलं पाकेंना दिली, निम्मी मुलांना, आणि आजच कुरणाकडे बाण लावायचं आणि फाटकावर माणूस ठेवायचं कबूल केलं.

पाके सवयीने चक्राकडे वळले. पण लाल टोपीवाल्या आजीबाई आधीच तिथे उभ्या होत्या.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत आम्हाला नीट आभारही मानता आले नाहीत. आज तुम्ही आमचे पाहुणे."

झोपडीला टेकवलेली पाकेंची सायकल वित्सेने तराफ्यावर आणली. आजीबाई आणि इल्यास मिळून चक्र फिरवू लागले. साखळी कुरकुरली, काठ मागे सरकला. पाके सायकलीशेजारी अवघडून उभे होते. मोकळ्या हातांचं काय करावं, हे त्यांना सुचत नव्हतं. इतकी वर्षं त्यांची नजर साखळीवरच असायची.

मग एक हात त्यांनी निंकेच्या खांद्यावर ठेवला आणि मान वर करून मागे बघितलं.

"निंके," ते हळूच म्हणाले, "इथून किती छान दिसतं गं आपलं गाव."