कळमनुरीचा समुद्र

"माझी होडी चोरीला गेली," खुर्चीत बसायच्या आधीच पाहुणा म्हणाला. "अन् उद्या सकाळी नवाला ती पाण्यात सोडायची हाय."

मिनाबाई राठोड यांनी हातातला कप खाली ठेवला. हिंगोली बसस्थानकासमोर, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत 'खाजगी तपास' अशी पाटी लावून त्यांना सहा वर्षं झाली होती. म्हशी शोधल्या, मोटारसायकली शोधल्या, एकदा तर हळद लागलेला नवरदेव शोधून मांडवात आणून बसवला. होडीची तक्रार मात्र पहिलीच. हिंगोलीहून समुद्र बघायचा तर एक अख्खा दिवस गाडीत काढावा लागतो.

"किती मोठी होडी?" तातेरावांनी वही उघडली. तातेराव एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्तीनंतर मिनाबाईंचे मदतनीस झाले. एकदा पाहिलेला चेहरा ते कधी विसरत नसत. त्या चेहऱ्यामागे काय चाललंय याचा अंदाज मात्र त्यांचा हमखास चुकायचा.

"पावणेदोन फूट."

तातेरावांनी वही मिटली. मिनाबाईंनी नुसतं पाहिलं, तशी ती पुन्हा उघडली.

पाहुण्याचं नाव जळबा पाईकराव, राहणार कळमनुरी, वय चौसष्ट. तरुणपणी नौदलात पंधरा वर्षं नोकरी केलेली. तीही साध्या जहाजावर नाही, सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या सपाट होडीवर.

"लँडिंग क्राफ्ट म्हणतात तिला," जळबा म्हणाले. "धक्का लागत न्हाई, बंदर लागत न्हाई. सरळ वाळूवर जाऊन बसती. पुढचं तोंड दारासारखं खाली पडतं, अन् आतून जीप निघती. हे म्या गावात सांगितलं, तर तीस वर्षं झाली, लोक हसूनच राहिले. तोंड उघडणारी होडी बुडल म्हणतात. मला 'समुद्र' म्हणून हाक मारतात."

"म्हणून तुम्ही तिची प्रतिकृती केली."

"तीन वर्षं लागली, ताई. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कानशीनं घासून. उद्या सव्वीस जानेवारी. शाळेत प्रदर्शन हाय. पत्र्याचा ट्रे केला, कयाधू नदीची वाळू टाकून किनारा केला, बारा शिपाई, एक जीप. समद्या गावासमोर पाणी भरायचं, होडी सोडायची, दार पाडायचं. एकदा लोकांनी पाहिलं की संपलं. मग मला खोटं कोण म्हणल?"

"सगळं खऱ्यासारखं केलंय?"

"इंचाइंचानं. मागं कडेला बारीक भोकं बी पाडली."

"होडीला भोकं?" तातेरावांना हसू आवरेना.

"हसा," जळबा शांतपणे म्हणाले. "गाव बी असंच हसतं. खरी गंमत तिथंच हाय. पण ती म्या घरात सुद्धा कुणाला सांगितली न्हाई. दाखवायची तेव्हाच दाखवायची. कुलूप लावून काम केलं. एकदा बी पाण्यात टाकली न्हाई."

"पोलिसात गेला नाहीत?"

"खेळणं हरवलं म्हणतील. मला आता आणखी हसं करून घ्यायचं न्हाई, ताई."

मिनाबाईंनी पर्स उचलली. बारा वाजता तिघं कळमनुरीत उतरले.

जळबांची खोली अंगणाच्या कडेला होती. आदल्या दिवशी सकाळी ते शेवटच्या हातासाठी करडा रंग आणायला नांदेडला गेले होते. अंधार पडल्यावर येईन असं सांगून गेले, पण परतीची जीप लवकर मिळाली म्हणून पाचलाच परतले. कुलूप जसंच्या तसं होतं. उघडून बघतात तर होडी गायब.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या खिशात, एक सैपाकघरातल्या खिळ्याला. अंगणातून कुणी बी हात घालू शकतं."

मिनाबाई टेबलापाशी गेल्या. पत्र्याच्या ट्रेमध्ये समुद्राची जागा रिकामी होती. एका बाजूला वाळूचा किनारा उतरता केलेला. शेजारी, चौघडी घालून टोक आत खोचलेल्या एका फडक्यावर, जीप आणि बारा शिपाई ओळीनं ठेवलेले होते.

"हे कुठं होतं?"

"होडीतच. चोरानं बाहेर काढून ठेवलं."

मिनाबाईंनी वाळूत बोट खुपसलं. वरून कोरडी वाळू आत ओली होती. बोटाला चिकटलेले कण त्यांनी तातेरावांना दाखवले.

"थंडीचं दव असेल," तातेराव म्हणाले.

"खोलीत?" मिनाबाई एवढंच बोलल्या.

लक्ष्मीबाई, म्हणजे जळबांच्या पत्नी, अंगणात तूर पाखडत होत्या. पाहुणे बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, दोरीवरचा टॉवेल काढला, चौघडी घातली, टोक आत खोचलं आणि बाजेवर अंथरून बसायला सांगितलं.

"काल दुपारी कोण आलं होतं, बाई?"

"तिघं. शाळेतले भीमराज मास्तर, चहावाले पुंजाजी, अन् देविदासभाऊ. मी हितंच तूर बडवत हुते. खोलीकडं काई माझं ध्यान नव्हतं."

"होडी गेली याचं तुम्हाला वाईट वाटलं?"

लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर तुरीवर नेली. "यांना लोक हसतात ते मला सोसत न्हाई. काल रात्री ह्यांनी घास बी घेतला न्हाई. दुसरं काय सांगू?"

पुंजाजींचं चहाचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. गावात जळबांची सगळ्यात जास्त टिंगल करणारा माणूस हाच, आणि तो ते लपवतही नव्हता.

"व्हय, पैज लावली म्या. होडी तरली तर समद्या गावाला चहा पाजतो. बुडली तर समुद्रानं वर्षभर माझ्या दुकानात कपबश्या धुवायच्या."

"म्हणजे होडी आलीच नाही, तर तुमचा चहा वाचला," तातेराव डोळे बारीक करून म्हणाले.

"काय वाचला? जितलेली पैज गेली माझी. हे बघा, कपबश्यांसाठी नवं घमेलं बी आणून ठेवलं. काल त्याच्या घरी गेलो ते चिडवायलाच. अहो, ती होडी सापडवा. तिला बुडताना बघायला मी महिनाभर थांबलोय."

भीमराज मास्तर शाळेत मांडव बघत होते. सभागृहाच्या मधोमध मुलांनी केलेला मातीचा किल्ला ठेवायचं आधी ठरलं होतं.

"किल्ला हलवायला लागला म्हणून राग असेल तुम्हाला," तातेराव म्हणाले.

मास्तरांनी एक पाटी उलटी करून दाखवली. दोन रंगांत सुबक अक्षरं: 'किनाऱ्यावर सैन्य उतरवणारी होडी. निर्मिती: जळबा पाईकराव.'

"तीन संध्याकाळी बसून रंगवली. काल त्यांच्या घरी ट्रेचं माप घ्यायला गेलो होतो, टेबल पुरेल का बघायला. खोलीला कुलूप होतं, तसाच परत आलो. मधली जागा त्यांचीच आहे. किल्ले काय, दरवर्षी होतात."

शेवटी देविदास आडे. नांदेड रस्त्यावर त्यांचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. जळबांचे लहानपणचे मित्र, आणि लक्ष्मीबाई दरवर्षी ज्यांना राखी बांधतात ते भाऊ. दुकानात सामसूम होती. देविदास स्टुलावर बसून रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत होते. बोटांना काळंभोर डांबर लागलं होतं.

"काम जोरात दिसतंय," मिनाबाई म्हणाल्या.

"कशाचं काम, ताई. चार दिवस झाले, दिवसा लाईन न्हाई. मोटारी बंद, धंदा बंद."

"जळबांची होडी गेल्याचं कळलं असेल."

"कळलं ना. लई वाईट झालं. पण सापडल ती. फिकीर करू नका म्हणा त्याला."

"सापडून तरी काय? गाव म्हणतं ती बुडणार."

"बुडत न्हाई," देविदास एकदम म्हणाले. "तरती बराबर. जरा पुढं ढकलली की तोंडातून पाणी घेती, तेवढीच तकलीफ हाय. ते काय, बंद करता येतं."

मिनाबाईंनी मान डोलावली आणि आभार मानून बाहेर पडल्या. रस्त्यावर येताच तातेराव थांबले.

"बाई, पुंजाजीच. घमेलं म्हणजे निव्वळ देखावा. माणूस जास्त हसतो तेव्हा तिकीट काढलेलं नसतं, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे."

"काका, चार वाजता सगळ्यांना जळबांच्या खोलीत बोलवा. देविदासभाऊंना सांगा, येताना होडी घेऊन या."

तातेराव रस्त्यात तसेच उभे राहिले. मागून बैलगाडीवाल्यानं हटकलं तेव्हा ते बाजूला झाले.

चार वाजता खोली भरली. देविदास सगळ्यांच्या मागं, हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, खाली मान घालून उभे होते. जळबांचं लक्ष त्या पोत्यावरून हटत नव्हतं.

"आधी एक साधी गोष्ट बघू," मिनाबाई म्हणाल्या. "होडी उद्या आली नाही तर फायदा कुणाचा? पुंजाजींना ती बुडताना बघायची होती. मास्तरांनी पाटी रंगवून ठेवली. ज्याला विचारलं त्याला होडी प्रदर्शनात हवीच होती. मग मी असा विचार केला, की ज्यानं नेली त्यालाही ती हवी असेल तर? म्हणजे ती परत आणण्यासाठीच नेली."

"परत आणायची तर नेली काहून?" जळबांनी विचारलं.

"वाळू आतून ओली आहे. तुम्ही कधी पाणी भरलं नाही. काल तुमच्या माघारी कुणीतरी या ट्रेमध्ये समुद्र भरला, होडी सोडून बघितली आणि पाणी काढून टाकलं. सोडण्याआधी शिपाई भिजू नयेत म्हणून बाहेर काढून ठेवले, फडक्याची घडी घालून, टोक आत खोचून. चोराला इतकी माया नसते. तशीच घडी मी आज दुपारी बाजेवर पाहिली."

सगळ्यांनी लक्ष्मीबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"बाईंनी होडी किनाऱ्याकडे ढकलली, आणि दाराच्या फटीतून पाणी आत आलं. घाबरून त्यांनी ती लगेच बाहेर काढली. उद्या सगळ्या गावासमोर हेच होणार. मग अशा वेळी कुणाला बोलवायचं? ज्याचा जन्म मोटारींची गळती बंद करण्यात गेला, त्या भावाला. देविदासभाऊ, चार दिवस मोटारींना हात लावला नाही म्हणता, मग बोटांना ओलं डांबर कुठलं? आणि जी होडी कधी पाण्यातच गेली नव्हती, ती ढकलल्यावर तोंडातून पाणी घेते, हे तुम्हाला कसं कळलं?"

देविदासांनी पोतं सोडलं. करड्या रंगाची देखणी होडी बाहेर आली. पुढच्या दाराच्या चारी बाजूंनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बसवून वर डांबर थापलं होतं.

"कथलाचा डाग देऊन चौकटीला पट्टी बसवली असती, तर साफ काम झालं असतं," ते पुटपुटले, "पण इस्तरीसारखं तापायचं यंत्र लाईटीवर चालतं. म्हणून डांबर. ते वाळंना. संध्याकाळच्या आत आणून ठेवणार हुतो, तर हा पाचलाच आला. आज हा हिंगोलीला गेला म्हणून दुपारी आणायचं ठरलं, तर तुमी आल्या. मागं भोकं बी राहिली होती, ती बी बुजवली म्या."

"भोकं बुजवली?" जळबा मटकन खुर्चीत बसले. मग खोलीतल्या कुणालाच अपेक्षित नव्हतं ते झालं. जळबा पोट धरून हसायला लागले.

"अरे देवा... देविदास, आता ती खरंच बुडल! खाली बंद पेटी हाय, हवेनं भरलेली. तिच्यावर फळी, पाण्याच्या पातळीच्या वर. समोरून पाणी आलं तर फळीवरून मागं जातं, अन् भोकांतून आपसूक बाहेर पडतं. खऱ्या होडीत बी तसंच. ती पाण्याला अडवत न्हाई, वाट देती."

हसता हसता ते थांबले आणि बायकोकडे वळले.

"लक्ष्मे, तीस वर्षं समद्या गावाशी भांडलीस माझ्यासाठी. तुला बी वाटत हुतं का, की बुडल म्हणून?"

लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझा भरवसा तुमच्यावर हुता. होडीवर न्हवता."

जळबांना लागलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी टेबलावरची कानस उचलून देविदासांच्या हातात दिली.

"बस हितं. जितकं थापलं तितकं काढ. भोकं मी उघडतो."

दुसऱ्या दिवशी नवाला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रेमध्ये पाणी भरलं. जळबांनी होडी सोडली आणि दाराचा बारीक दोरा लक्ष्मीबाईंच्या हातात दिला.

"मी न्हाई," त्या म्हणाल्या.

"तूच."

होडी किनाऱ्याकडे सरकली. दाराच्या फटीतून पाणी आत आलं. पुढं उभ्या असलेल्या पुंजाजींनी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. लक्ष्मीबाईंचा हात होडी उचलायला पुढं गेला.

"थांब जरा," जळबा हळू म्हणाले.

त्या थांबल्या. पाणी फळीवरून मागं गेलं आणि कडेच्या भोकांतून बारीक धारांनी बाहेर पडलं. होडी वाळूला टेकली. लक्ष्मीबाईंनी दोरा सैल केला. दार अलगद खाली पडलं आणि जीप गडगडत वाळूवर आली.

मग तातेरावांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली, आणि पुंजाजी चहा ठेवायला दुकानाकडे पळाले.

"इतकी वर्षं तुमची वाट पाहिली," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "अन् परवा खोलीत दोन मिनिटं थांबले न्हाई मी."

"आज थांबलीस की," जळबा म्हणाले.

लक्ष्मीबाईंनी दोरा ओढून दार वर घेतलं, जीप पुन्हा आत ठेवली आणि मागच्या लोकांनाही दिसावं म्हणून, कुणी न सांगता, दार पुन्हा उघडलं.