नाण्याला भोक पाडणारा

"हे कुणी केलं?"

दया उजागरे म्हशीच्या कानात बिल्ला मारायला वाकली होती, ती तशीच थांबली. घोडेगावचा बाजार ऐन भरात होता. म्हशी रेकत होत्या, टेम्पो मागे घेणारे ओरडत होते, आणि दयाच्या पुढ्यात जनावरांची ही लांब रांग लागलेली. पण तिचे डोळे खिळले होते त्या म्हशीच्या गळ्यातल्या माळेवर. घुंगरांच्या मधोमध एक तांब्याचं नाणं लटकत होतं. जाडजूड, काळपट-हिरवं. आणि त्याच्या बरोब्बर मधून आरपार भोक!

"म्या केलं," म्हशीचा दोर धरून उभा असलेला उंच, सावळा तरुण म्हणाला. "एक घुंगरू पडलं हुतं. जागा मोकळी दिसत हुती. ड्रिल मशीन घरचंच हाय."

"ड्रिल मशीन..." दया पुटपुटली. तिनं अॅप्रनच्या खिशातून भिंग काढलं आणि नाणं उन्हाकडे तिरकं धरलं. झिजलेली फारसी अक्षरं दिसू लागली. निजामशाहीतलं नाणं! "अहो, चारशे वर्षांपूर्वीचं आहे हे! आपल्याच भागातल्या टांकसाळीत पडलेलं. आणि तुम्ही याला घुंगराच्या जागी लावलंत?"

"म्हशीला शोभतंय की," तो म्हणाला. आणि हसला.

तो हसला याचाच दयाला जास्त राग आला.

"ओ म्याडम, बिल्ला मारताय का पोथी वाचताय?" मागून कुणीतरी ओरडलं. दयानं दणक्यात बिल्ला मारला. तो तरुण माळ सोडू लागला. "एवढं वाटतंय तर घ्या तुमी. आजोबांच्या डब्यात अजून हायेत."

"भोक पाडलेलं घेऊन मी काय करू? पुढचं जनावर आणा!" ती म्हणाली. मग दोन पावलं गेलेल्या त्याला तिनं हाक मारली. "अजून आहेत म्हणजे... किती?"

त्याचं नाव नॅथन आढाव. वडाळ्याच्या वाटेवरच्या वस्तीवर त्याच्या नऊ म्हशी होत्या. आठवडाभरानं तो बिस्किटांचा जुना डबा काखेत मारून जनावरांच्या दवाखान्यात आला आणि दयाच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "यातल्या कशाला भोक पाडायचं न्हाई, तेवढं सांगा."

"कशालाच नाही!"

दया मूळची नगरची. शाळेत असताना वडिलांनी तिला एक पैशाचं नाणं दिलं होतं, तेव्हापासूनचा हा नाद. वडील गेले, नाद राहिला. आता ती घोडेगावच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होती. दिवसभर लसी, अडलेल्या गाई, शेळ्यांचे ताप. संध्याकाळी खोलीवर आली की हात तीनदा धुऊन अल्बम उघडायचा. आई, हेलनबाई, फोनवर रोज एकच सूर लावायची. "पिंपरीच्या स्थळानं विचारलंय, मुलगी नाणी गोळा करते म्हणे, लग्नानंतर बंद करेल ना? मी हो म्हणून टाकलंय." दयानं त्यावर फोन आपटला होता. मुलगा दर रविवारी क्रिकेट खेळतो, ते बंद करेल का, असं तिच्या बाजूनं कुणी विचारलं होतं?

नॅथननं मात्र असलं काही विचारलं नाही. तो यायचा, नाणं कडेनं कसं धरायचं ते शिकायचा, आणि मुद्दाम चुकायचा.

"चिंचेनं घासू का हे? लखलखीत हुईल."

"हात लावून बघा! नाण्यावरचा तो रंगच तर त्याचं वय आहे. तुम्हाला कुणी घासलं तर चालेल?"

"तुमी घासणार असाल तर..." असं म्हणून तो खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघू लागायचा, आणि दया उगीचच औषधांच्या बाटल्या सरळ करायची. बाटल्या आधीच सरळ असायच्या. तिनं त्याला संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा घेतलं. तिथं तो कुणाशी काही बोलायचा नाही, फक्त दयाच्या प्रत्येक फोटोला अंगठा द्यायचा.

बाजारात बिल्ला मारायला माळ घालून आणलेली ती म्हैस, चंद्री, गाभण होती. पहिलटकरीण, आणि रेडकू मोठं. दयानं तपासलं आणि म्हणाली, "हिला त्रास होऊ शकतो. वेळ आली की मला फोन करा. सुट्टी असली तरी मी येईन."

"शब्द?"

"शब्द."

आणि नेमकं त्या रविवारी पुण्यात नाण्यांचं मोठं प्रदर्शन होतं. सहा महिने दया त्या तारखेकडे डोळे लावून बसलेली. चंद्रीला अजून आठवडा होता, निदान हिशेबानं तरी. ती पहाटेच्या एसटीनं गेली. हॉलमध्ये शिरताना फोनचा आवाज बंद केला, पर्समध्ये टाकला, आणि एका ट्रेवर वाकली ती दोन तास वाकलेलीच राहिली.

बाहेर येऊन चहा घेताना फोन पाहिला. नॅथनचे अकरा कॉल येऊन गेले होते.

ती वस्तीवर पोचली तेव्हा दिवस कलला होता. चंद्री बसून होती, मान टाकून. नेवाशाहून आलेले म्हातारे डॉक्टर हात धूत होते. म्हैस वाचली होती. रेडकू गोणपाटाखाली होतं.

"मी... मला वाटलं अजून आठवडा..." दया म्हणाली.

"वाटलं." नॅथनचा आवाज तिनं इतका थंड कधी ऐकला नव्हता. "तुमाला काय वाटलं ते चंद्रीला ठावं नव्हतं."

"आज रविवार होता, नॅथन! माझी हक्काची सुट्टी! आठवड्याचे सहा दिवस मी चिखलातून फिरते, एक दिवस माझा नको?"

"घ्या की सुट्टी! दोन घ्या! कोन न्हाई म्हनतंय? येत न्हाई म्हनला असता तर मी सकाळीच नेवाशाला फोन लावला असता. दोन तास वाट बघितली मी तुमची. शब्द कशाला दिला हुता?"

दयानं बाह्या वर सारल्या आणि ती चंद्रीपाशी बसली. तिला संताप आला होता. त्याच्यावर, त्या ट्रेवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

चंद्रीची झार, म्हणजे वार, आत अडकली होती, ताप चढला होता. पुढचे दहा दिवस दया सकाळ-संध्याकाळ वस्तीवर गेली. नॅथन गरम पाण्याची बादली ठेवायचा आणि चंद्रीची शेपटी धरायचा. "पाणी कोमट करा" आणि "सुई द्या" याखेरीज दोघांत शब्द नाही. दहाव्या दिवशी चंद्रीनं गव्हाणीतला घास ओढला. दयाचे डोळे भरून आले, पण ते तिनं त्याला दिसू दिले नाहीत.

त्याच दिवशी तिनं ग्रुपवर टाकलं. 'संपूर्ण संग्रह विकणे आहे.' आईला कळवलं तेव्हा हेलनबाई खूश होऊन म्हणाल्या, "शहाणी झालीस गं बाई!" ते ऐकून दयाला एखाद्यानं कानफटात मारावी तसं झालं. पण तिनं पोस्ट काढली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दवाखान्यात ती शेळीला इंजेक्शन द्यायच्या खटपटीत होती. शेळी होती गीताबाईंची. बाई सत्तरीच्या, आणि तोंडानं शेळीपेक्षा तिखट. शेळी काही केल्या उभी राहीना. तेवढ्यात मोटारसायकल दारात करकचून थांबली आणि नॅथन आत घुसला.

"हे काय हाय?" त्यानं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला.

"दिसतंय ना? विकतेय."

"कुनाला इचारून?"

"माझ्या वस्तू विकायला तुम्हाला विचारू?" दया उसळली. "या नाण्यांपायी तुमचं रेडकू गेलं! तुम्हीच ऐकवलंत!"

"मी नाण्यांचं नाव तरी काढलं का त्या दिवशी? सांगा! मी शब्दाबद्दल बोललो! येनार असला तर या, न्हाई तर न्हाई म्हना, एवढंच! तुमी निघाल्या सगळंच मोडीत काढायला!"

"दोन्ही जमत नाही मला! सगळे हेच सांगतात. आई, ते पिंपरीवाले..."

"पिंपरीवाले कोन?" नॅथन एकदम थबकला.

"स्थळ आहे. नाणी सोडणारी मुलगी हवीय त्यांना."

"म्हंजे... त्यांच्यासाठी सोडताय?"

"नाही!"

"ओ, भांडा नंतर, आधी माझी शेळी धरा कुनीतरी!" गीताबाई कडाडल्या.

नॅथन खाली बसला आणि शेळीला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. दयानं सुई उचलली. आता दोघांची डोकी अगदी जवळ आली होती, आणि ओरडणं अवघड झालं होतं.

"मी काल नेवाशाला जाऊन आलो," तो हळू आवाजात, पण रागातच म्हणाला. "त्या डॉक्टरांशी बोललोय. तुमी नगरला-पुन्याला जानार असलं त्या रविवारी ते फोन घेतील. त्यांच्या सुट्टीला तुमी घ्यायचा. एका कागदाचा प्रश्न हुता, कोनत्या रविवारी कोन ते लिहून दवाखान्याच्या दारावर लावायचा. त्यासाठी कुनी अख्खा जीव विकतं का?"

"जीव नाही. संग्रह."

"मला ठावं हाय काय ते. भिंग डोळ्याला लावता ना, तवा तुमचं तोंड कसं दिसतं ते मी बघितलंय." तो थांबला. शेळीनं त्याच्या कॉलरचं टोक तोंडात धरलं होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं. "ते पुन्हा दिसलं न्हाई तर... मला न्हाई चालायचं."

सुई दयाच्या हातात तशीच राहिली. "हे तुम्ही मला मागणी घालताय की दम देताय?"

"दोन्ही," तो म्हणाला. आणि कानापर्यंत लाल झाला.

दयानं इंजेक्शन दिलं. सुई काढली, जागा चोळली. मग खिशातून फोन काढला आणि त्याच्यासमोरच ती पोस्ट पुसून टाकली. लगेच दुसरा नंबर लावला.

"आई, पिंपरीवाल्यांना नाही म्हणून कळव. नाणी मी सोडत नाही. आणि माझ्या वतीनं परत कुणाला हो म्हणायचं नाही. हो... मीच म्हणणार आहे. आत्ताच. शेळीवाल्या आजींसमोर. रविवारी घरी येते, तेव्हा सांगते कुणाला ते."

तिनं फोन ठेवला. नॅथन शेळीला मिठी मारून तसाच बसला होता, तोंड उघडं टाकून.

"तुमचा मला भयंकर राग येतो," दया म्हणाली. "रोज येतो."

"रोज येतो ते... राग, का मी?"

"दोन्ही," ती म्हणाली. आणि या खेपेला हसू तिला आवरलं नाही.

"ठरलं न्हवं?" गीताबाईंनी दोर ओढला. "मंग सोड की रं बाबा माझी शेळी!"