बिनडोळ्यांचे कंद

तळघराच्या दाराचं कुलूप तुटलं होतं. आतली लाकडी पेटी उपडी पडली होती आणि कोरडी वाळू पार पायरीपर्यंत सांडली होती. पेटीतले डेलियाचे कंद नाहीसे झाले होते.

"दागिने गेले असते तरी मी एवढा हललो नसतो," तात्या म्हणाले. ते वरच्या पायरीवर काठी टेकून उभे होते. गुडघ्यांपायी तळघरात उतरणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. "करडा-जांभळा रंग, कडेला तांबूस झाक. असा डेलिया दुसऱ्या कोणाकडे नाही. झाडही एकच होतं. तीन आठवड्यांपूर्वी, थंडी पडल्यावर, कंद काढून वाळूत ठेवले होते."

"मला बागेतलं काही कळत नाही," फौजदारबाईंनी आधीच सांगून टाकलं. "संशय कोणावर?"

"नर्सरीवाल्यावर. काल संध्याकाळी इथे बसून भांडून गेला."

"कशावरून?"

"कंद आज त्याच्या ताब्यात द्यायचे ठरले होते. फुलाला माझं नाव द्यायचं, ही माझी अट. त्याला स्वतःच्या नर्सरीचं हवं होतं."

नर्सरीवाला ओसरीवरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. शेजारी शिपाई उभा होता.

"भांडलो, ते खरं," तो म्हणाला. "पण कुलपाला हात लावला नाही. गाडी बघा, घर बघा."

दोन्ही बघून झालं होतं. काही सापडलं नव्हतं.

मग तात्यांचा जावई. बाग मोडून तिथे घर बांधू, असा धोशा त्याने लावला होता, हे शेजारपाजारी सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाग माझ्या डोळ्यांत खुपते, मान्य," तो म्हणाला. "पण कंद चोरून काय होणार? मला अख्खी बागच चोरावी लागेल. महिनाभर बाहेरगावी होतो. काल दुपारी आलोय, बॅगसुद्धा उघडली नाही."

बॅग खरंच दारामागे तशीच होती. प्रवासाचं तिकीटही कालचंच होतं.

तात्यांची थोरली बहीण, अक्का, मागच्या अंगणात कर्दळीचे गड्डे सुरीने वेगळे करत होती. प्रत्येक कापावर ती वाटीतली कोळशाची पूड चोळायची. बोटं काळीकुट्ट झाली होती.

"ही पूड कशाला, अक्का?"

"जखम सुकते, कूज धरत नाही. तात्या विकतचं पिवळं औषध वापरतो, नर्सरीवालेही तेच. मला आपला चुलीतला कोळसा बरा."

"तळघरात कोण उतरतं?"

"मीच. त्याचे गुडघे कुठे चालतात?" अक्काने नजर वर न करता पुढचा गड्डा उचलला. "किल्ली खुंटीवर असते. घरातलं कोणीही घेऊ शकतं."

इतक्यात शिपायाने हाक मारली. खताच्या खड्ड्यात, पालापाचोळ्याखाली, कंद सापडले होते.

तात्या काठी टेकत खड्ड्यापाशी आले. "नासाडी केली," ते पुटपुटले. "कोणीतरी दावा साधला."

फौजदारबाईंनी एक कंद उचलला. टोकाकडे तो कापलेला होता. त्यांनी नखाने मधोमध साल खरवडली. आतला गर पांढरा, ओला लागला. कापलेली बाजू मात्र सुकून सुरकुतली होती आणि तिथे काळं काहीतरी घट्ट बसलं होतं. बाकीचे सगळे तसेच.

"तात्या, हे लावले तर उगवतील?"

तात्यांनी कंद हातात फिरवला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नाही उगवणार. डोळे मानेवर असतात, खोडाच्या बुडाशी. मान उडवलीय ह्याची." त्यांनी बाकीचेही उचलून पाहिले. "सगळ्यांचीच उडवलीय."

"मग माना कुठे आहेत?"

फौजदारबाईंनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"नासाडीच करायची तर कोणी इतकं नेटकं कापत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यातून झाड येतं तेवढंच कोणीतरी काढून घेतलं. आणि तेही काल नाही. काल कापले असते तर काप आतल्या गरासारखे ओले असते. हे पुरते सुकलेत, बऱ्याच दिवसांपूर्वीचे आहेत. नर्सरीवाले काल आले, कुलूप काल तुटलं, पण चोरी तेव्हा होऊन गेली होती. जावई त्या वेळी गावातच नव्हते. तात्या तळघरात उतरत नाहीत."

नर्सरीवाल्याने पहिल्यांदा मान वर केली.

"उरलेले कंद पुन्हा वाळूत पुरले, म्हणजे पेटी भरलेली वाटेल. ते कुजून वास सुटू नये म्हणून कापांना पूड चोळली. पिवळं औषध नाही, कोळसा. आज पेटी नर्सरीवाल्यांच्या हाती गेली असती की त्यांनी पहिल्या नजरेत ओळखलं असतं. म्हणून काल पेटी रिकामी केली आणि बाहेरचा चोर वाटावा म्हणून कुलूप तोडलं. अक्का, माना कुठे आहेत?"

अक्काने पदराला बोटं पुसली. "माझ्या खिडकीतल्या कुंड्यांत. कर्दळ म्हणून."

"अक्का, तू?" तात्या म्हणाले.

"हा रंग यावा म्हणून परागकण कोणी लावले? बी कोणी जपलं? फुलांच्या मंडळात फोटो तुझा लागला, तेव्हा बोलले नाही. पण देऊन टाकताना एका शब्दाने तरी विचारायचंस."

"आणि ह्यांच्यावर आळ आला तेव्हा?" फौजदारबाईंनी नर्सरीवाल्याकडे बोट केलं.

अक्काचा चेहरा उतरला. "ते माझं चुकलं," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. पण गप्प बसले, ते घेतल्यासारखंच."

नर्सरीवाल्याने तात्यांना विचारलं, "तक्रार लिहून द्यायची आहे का तुम्हाला?"

"कशाची लिहू?" तात्या म्हणाले. "तिचीच वस्तू तिने नेली."

"मग रोप कोणाकडे मागायचं?"

तात्यांनी काठीने अक्काकडे खूण केली. "तिला विचारा."

नर्सरीवाला अक्काकडे वळला.

"नाही देणार," अक्का म्हणाली, आणि वाटी उचलून पुन्हा कर्दळीकडे गेली.