रोज चारला फोन

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडली. ताईच्या नोकरीत दिवसभर गोडगोड बोलावं लागायचं, पण घरी ती एक शब्दही वाढवून सांगायची नाही. म्हणून ऐकली तशी सांगतो.

आणि हो, रात्र नव्हती. मंगळवार, दुपारचे चार. एकाच हॉलमध्ये चाळीस माणसं बोलत होती.

ताईचं काम म्हणजे कंपनीचा माल खपवायला अनोळखी लोकांना फोन लावायचे. दिवसाला नव्वद. कुणी भेटीची वेळ दिली की पुढचं मोठे साहेब बघणार, शिव्या मात्र हिच्या वाट्याला. पाणी प्यायला उठलं तरी त्याची नोंद. स्वतःचा मोबाइल सकाळीच कपाटात कुलूपबंद व्हायचा आणि किल्ली टीम लीडरकडे. त्याला सगळे मास्तर म्हणत.

घरी मावशी एकटी. हृदयाचं दुखणं, औषधं ताईच्या पगारावर. तीन महिन्यांत कायम झाली नाही तर नारळ ठरलेला. आपला मोबाइल कपाटात असताना आईला काही झालं तर? हा विचार ती रोज गिळायची.

तिला यादी मिळाली ती आधीच्या माणसाची. तो सोडून गेला, एवढंच तिला माहीत होतं. त्यात एका नंबरापुढे लिहिलं होतं, 'दुकानाच्या मालकीणबाई. रोज चारला फोन. घाई करू नये.'

तिने फोन लावला.

रिंग वाजली... एकदाच.

"जेवलास का?" म्हातारा, दमलेला आवाज.

ताई गोंधळली. मी कंपनीतून बोलतेय, असं पाठ केलेलं वाक्य तिने सुरू केलं.

"बरं. मग तू जेवलीस का?"

त्या हॉलमध्ये तिला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला रडूच आलं.

मग ती रोज चारला त्यांना फोन करू लागली. भेटीचं विचारलं की बाई पुन्हा जेवणाचंच विचारायच्या. त्यांच्या मागे कधी कसलाच आवाज नसायचा...

पंखा नाही. भांडं नाही. रस्ता नाही.

नवव्या दिवशी बाईंनी जेवणाचं विचारलं नाही.

"तुझी आई केव्हाची फोन लावतेय. तू उचलत नाहीस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही असाच लावत होते... तो कपाटातच वाजत राहिला."

मग काहीच नाही. साधी खरखरही नाही.

ताई उठली. शिफ्ट संपू दे, मग किल्ली घे, असं मास्तर म्हणाला. कपाट फोडते, असं तिने शांतपणे सांगितलं. त्याने किल्ली दिली.

मोबाइलवर मावशीचे अकरा मिस्ड कॉल होते.

ती पोहोचली तेव्हा मावशी पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती, हातात फोन. त्यानंतर दवाखान्यात मावशी चार दिवस होती. ते चार दिवस दोघी पोटभर बोलल्या. ताईला आईचे तेवढेच दिवस मिळाले.

नोकरी गेलीच. सामान आणायला गेली तेव्हा मास्तरने तिला बाजूला घेतलं. तो नंबर आधीच्या माणसाच्या घरचाच होता. कामाच्या वेळात आईशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून त्याने तो दुकान म्हणून यादीत घातला होता. एके दिवशी त्याची आई त्याच्या मोबाइलवर फोन लावत राहिली, आणि घरून निरोप आला तरी त्याला शिफ्ट संपेपर्यंत थांबावं लागलं. तोवर ती गेली होती.

"थांबवलं मीच," मास्तर म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं.

नंबर तेव्हापासून बंद होता. मास्तरने तिला नऊही फोनची रेकॉर्डिंग ऐकवली. नंबर बंद असल्याची सूचना पुन्हा पुन्हा वाजत होती, आणि मध्येच ताईचा आवाज... "हो, जेवले."

आता ताई दुसरीकडे काम करते. मोबाइल कायम तिच्या हातात असतो. रोज चारला तो वाजतो... एकदाच. नंबर दिसत नाही.

परवा मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिने फोन कानाला लावला.

"हो, जेवले," ती म्हणाली.

मग जरा थांबून, हळूच...

"हो गं आई. जेवले."

तेव्हापासून मी चारच्या सुमाराला तिच्याकडे जायचं टाळतो.