राणीचा सज्जा

"…आणि या सज्ज्यात बसून राणी राजाची वाट पाहायची. तो खाली दिसला, की दगडातल्या या भोकातून त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकायची!"

डोंगरावरच्या त्या पडक्या किल्ल्यात गाईडबाईंच्या या वाक्याला जोडपी हटकून एकमेकांचे हात धरत. आज मात्र मागून कुणीतरी खो-खो हसलं.

किल्ल्याची मोजणी करायला नुकताच आलेला तरुण होता तो. कानावर पेन्सिल, विजार धुळीने माखलेली.

"माफ करा… पण हा राणीचा संडास आहे. त्या काळी असाच भिंतीबाहेर काढायचे."

सगळे पोट धरून हसले. ती लाजेने लालबुंद झाली आणि त्याच्याशी तिने जो अबोला धरला, तो धरलाच.

पण माणूस रोज समोर असला की अबोला टिकवणं महाकठीण! वाऱ्याने तिची टोपी उडाली, तर हा बुरुजावरून धावत सुटला. पाऊस आला, तर दोघं एकाच कमानीखाली.

"बोलू नका हवं तर," स्वतः भिजत तो म्हणाला, "पण आत तरी सरका."

ती सरकली. हसू दाबताना तिची पुरेवाट झाली. घरी आई म्हणालीच, "एकटीच काय हसतेस गं?"

आणि एक दिवस कळलं, मोजणी संपली. तो संध्याकाळच्या गाडीने निघणार. चूक तिची, रुसवाही तिचाच… आता बोलायचं कुठल्या तोंडानं?

दुपारच्या फेरीत तो दिसला. सगळ्यांच्या मागे, खांद्याला बॅग. सज्ज्यापाशी येऊन तिने मोठा श्वास घेतला.

"मंडळी, इथे मी आजवर भरपूर थापा मारल्या. हा राणीचा संडास आहे."

"आणि त्या पाकळ्या?" आधी येऊन गेलेल्या एका आजोबांनी विचारलं.

"त्याबद्दल न बोललेलंच बरं!"

हशा पिकला. या वेळी तीही मनमोकळी हसली. तेवढ्यात मागून एक हात वर झाला.

"गाईडबाई… म्हणजे या किल्ल्यात कुणाचं प्रेम जमलंच नाही?"

"राजाराणीचं मला ठाऊक नाही," ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "पण एका गाईडचा जीव जडलाय… मोजणीवाल्यावर. आणि तो निघालाय, हे तिला मुळीच आवडलेलं नाही—"

त्याने बॅग खाली ठेवली.

"अहो, पुढे जायचं ना?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे, आजोबा," तिच्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "आम्हाला जरा वेळ लागेल."