दहा ते चारची लाईट

"घास अजून! त्या टोकाला काळं दिसतंय!"

"अगं, किती घासू? सेल झिजून जाईल आता!"

ऋषी ओट्यावर मांडी घालून खोडरबरनं पेन्सिल सेलची टोकं घासत होता. शेजारी त्याची चुलत बहीण हर्षाली कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतल्या पत्र्याच्या पट्ट्या फडक्यानं पुसत होती. आणि या दोघांवर देखरेख करणारी स्नेहल, वय वर्षं तेरा, भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मे महिन्यातली दुपार, आळ्याच्या शिवारातली वस्ती, आणि डोक्यावरचा पंखा इतका हळू फिरत होता, की पाती मोजून घ्यावीत!

"लाव आता," स्नेहल डोळे न उघडताच म्हणाली.

कॅमेरा टिंग करून सुरू झाला, भिंग बाहेर आलं, पडद्यावर सेलचं लाल चित्र लुकलुकलं आणि भिंग पुन्हा आत गेलं.

"गेला!" ऋषीनं खोडरबर टाकून दिलं. "काल दिवसभर चार्जरला होते हे सेल! दिवा लागला होता, मी स्वतः बघितला!"

पिंपरीहून सुट्टीला आलेल्या स्नेहल-ऋषीला धमाल करायची होती. विहिरीत पोहायचं, आंबे पाडायचे, केवढे बेत! पण आल्या दिवसापासून घरात या कॅमेऱ्याचं सुतक होतं. त्याचं कारण साधनाकाकू.

काकू म्हणजे हर्षालीची आई. तालुक्यातल्या एका संस्थेसाठी ती काम करायची. भीमाशंकरकडच्या तळेघरला जाऊन म्हाताऱ्या माणसांचे निराधार पेन्शनचे अर्ज भरायचे आणि अर्जावर लावायला त्यांचे फोटो काढायचे. संस्थेनं तिला डिजिटल कॅमेरा दिला होता. चार सेल, दोन कॅमेऱ्यात, दोन जादा. एप्रिलमध्ये सगळं झकास चाललं होतं. आणि गेल्या शुक्रवारी तळेघरच्या शाळेत सेहेचाळीस माणसं जमलेली असताना, अकराव्या फोटोला कॅमेऱ्यानं मान टाकली! जादाचे सेलही रिकामे. तिथल्या दुकानातून साधे सेल आणले, तर त्यांच्यावर तीन फोटो निघाले. उरलेली तेहेतीस माणसं, कुणी दोन तास तर कुणी तीन तास डोंगर उतरून आलेली, तशीच परत चालत गेली.

"एकानंही शब्द काढला नाही गं," काकू आत भाकरी थापता थापता म्हणाली. तिचा आवाज पार दमलेला होता. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परवा शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. शनिवारी अर्जांची मुदत संपते. पुन्हा कॅमेरा बंद पडला, तर त्यांचं वर्ष गेलं."

"फेकून द्या तो चार्जर! चायनाचा माल तो!" माजघरातून दादाभाऊकाकांचा झोपाळू आवाज आला. काकांना दिवसाच झोपावं लागे. शेतीची थ्री फेज लाईट रात्री बारा ते सकाळी आठ, त्यामुळे पिकाला पाणी द्यायला रात्रभर शेतात दारं धरायची. घरच्या दिव्या-पंख्यांची सिंगल फेज दिवसा दहा ते चार, तिच्यावर मोटारी चालत नाहीत. बाकी वेळ ठणठणाट. काकू चार्जर दहा ते चारच लावायची. रात्री थ्री फेज येताना असा झटका बसतो, की मागे तिचा एक चार्जर त्यातच जळाला होता.

"चार्जर फेकायचा की सेल फेकायचे, ते आधी कळायला नको का?" स्नेहल उठली. तिचे पाय उठायला तयार नव्हते, पण उठली. "उद्या फाट्यावर गुरुवारची लाईट बंद. जायचं तर आत्ताच. चला!"

आळेफाट्यावर सयाजीमामांचं रेडिओ-मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन किलोमीटर तापल्या रस्त्यानं पोरं पोचली, तेव्हा ऋषीच्या चेहऱ्याचा टोमॅटो झाला होता.

सयाजीमामांनी काय करावं? त्यांनी पोरांचे दोन सेल स्वतःच्या चार्जरमध्ये घातले आणि स्वतःचे दोन रिकामे सेल पोरांच्या चार्जरमध्ये. "बसा निवांत. पाणी प्या. ज्याचे भरतील तो शहाणा."

पाऊण तासानं मीटरच्या वायरी लावून पाहिल्या. मग मामा चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "दोन्हीकडचे सेल भरायला लागलेत की! तुमचा चार्जर चांगला, सेल चांगले. कुणी सांगितलं खराब म्हणून?"

"मग घरी का भरत नाहीत?" हर्षालीनं विचारलं.

"ते आता तुमच्या घराला विचारा. माझ्याकडं ठिवून गेला असता, पण दोनला इथली लाईट जातीया, आणि उद्या तर सुट्टीच." तेवढ्यात दुकानातला दिवा गेलाच. "बघा!"

तिघं परतीच्या वाटेला लागली. स्नेहल मनात एकेक बोट दुमडत होती. कॅमेरा नाही, सेल नाही, चार्जर नाही. मग उरलं काय? नुसती भिंत आणि तिच्यातलं बटण!

"आई गं, काय गार!" ऋषी एकदम ओरडला. हौशीरामभाऊंच्या कांद्याच्या वावराकडेनं जाताना त्यानं चपला काढून पाटात पाय सोडला होता.

हर्षाली चालता चालता थबकली. "ऋषी, पाणी वाहतंय?"

"मग? पाटात पाणीच असतं!"

"अरे येड्या, आत्ता दुपारचे तीन वाजलेत! थ्री फेज नाय! मोटार कशी चालंल?"

तिघंही पाटाच्या उलट दिशेनं पळाली. विहिरीवर मोटार खरोखरच घुमत होती, जरा कण्हत कण्हत, पण घुमत होती! स्टार्टरच्या पेटीला पोत्याचं फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यातून एक करडा डबा डोकावत होता.

"हात लावू नको!" हर्षालीनं ऋषीची कॉलर धरली. "कंडेन्सर हाय तो. तो लावला की सिंगल फेजवर मोटार फिरते. पण लई करंट ओढते, सगळ्या वस्तीचं होल्टेज खाते. बंदी हाय त्याला!"

"म्हणून आपला पंखा मेल्यासारखा फिरतो!" स्नेहल म्हणाली. "चार्जरचा दिवा नुसता मिणमिणतो, आणि आपण समजतो सेल भरतायत. पण सेलात काहीच जात नाही!"

"कोण हाय रं तिकडं?" बाभळीखालून हौशीरामभाऊ डोळे चोळत आले. पोरांना पाहून ओशाळले, मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका बरं का. अख्ख्या वस्तीत एकट्या माझ्याकडंच हाय हा डबा. एका मोटारीनं काय व्हतंय?"

पुढच्या विहिरीवर भगवंतआबा भेटले. त्यांच्या पेटीवर खताची रिकामी गोणी पांघरलेली. "एकट्यानंच आणलाय मी नारायणगावातनं," आबा म्हणाले. "रात्री उसात बिबट्या बसतो राव. साठीचा माणूस मी, किती जागू? एका मोटारीनं काय व्हतंय?"

ऋषीला हसू फुटत होतं. पण तिसऱ्या विहिरीपाशी कुणीच हसलं नाही. तिथं स्टार्टरवर एक जुना चौकटीचा सदरा टाकलेला होता, आणि हर्षालीनं तो लगेच ओळखला. तो तिच्या आप्पांचा, म्हणजे दादाभाऊकाकांचा होता.

"आप्पा?" ती खाली बांधावरच बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. "आई आठ दिवस नीट जेवली नाय, आणि आप्पा म्हणतात, चायनाचा माल!"

"काकूला सांगायचं?" ऋषीनं विचारलं.

स्नेहलनं मान हलवली. "काकू भांडेल, काका बंद करतील. पण बाकीचे दोघं? ते म्हणतील, एका मोटारीनं काय होतंय! उद्या दहा ते चार तिन्ही मोटारी एकदम बंद राहिल्या पाहिजेत. बटणाला आपण हात लावायचा नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केल्या पाहिजेत." तिनं गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. सयाजीमामांकडे भरलेला थोडासा दम दुकानातच एक-दोन फोटो काढण्यात संपला होता. "आणि हा रिकामा कॅमेरा त्यांना बंद करायला लावेल!"

गुरुवारी दहाला लाईट आली. पंखा दोन मिनिटं भरारा फिरला आणि मग नेहमीसारखा कण्हायला लागला. हर्षालीनं चारही सेल चार्जरला लावले, आणि तिघं निघाली. स्नेहलच्या हातात कॅमेरा, ऋषीच्या हातात वही-पेन्सिल.

"हौशीरामभाऊ, जरा मोटारीशेजारी उभे राहा! फोटो काढायचाय!"

"फोटू? मोटारीचा? कशापायी?"

"सुट्टीतला प्रकल्प आहे," स्नेहल गंभीरपणे म्हणाली. "'आमच्या वस्तीची पाणीव्यवस्था'. विहिरीपासून पेटीपर्यंत सगळं स्वच्छ दिसायला हवं. आज चारपर्यंत केव्हाही येऊन काढणार आम्ही."

"प्रदर्शनात लावणार!" ऋषीनं ठोकून दिलं. "बघायला वीजवाले साहेब येणार आहेत!"

हौशीरामभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "थांबा, थांबा! पेटीवर लई धूळ हाय. जरा झाडून घेतो. तुमी आधी भगवंताची काढा!"

पोरं बांधाआड झाली न झाली तोच मोटारीचा आवाज बंद! भगवंतआबा तर हौशीरामभाऊंहून चपळ निघाले. साठीचा माणूस डबा गोणीत घालून उसाकडं असा पळाला, की बिबट्याची भीतीबिती सगळी विसरला!

उरले दादाभाऊकाका. हर्षालीनं त्यांना हलवून उठवलं. "आप्पा, सगळ्या मोटारींचे फोटो चाललेत. आता आपल्या मोटारीचा."

काका ताडकन उठले. "कुणी सांगितलं? मी येतो, मी आधी जाऊन येतो!" आणि एका पायात चप्पल, एक हातात, असे ते विहिरीकडं धावले.

पाचच मिनिटांत पंख्यानं असा जोर धरला, की कपाटावरचे पेन्शनचे अर्ज घरभर उडाले. महिनाभर न पेटलेली ट्यूबलाईट लखकन लागली.

"पाती दिसत नाहीत! पाती दिसत नाहीत!" ऋषी नाचायला लागला.

पण काम संपलं नव्हतं. दर अर्ध्या तासानं तिन्ही विहिरींवरून फेरी मारायची, कॅमेरा दाखवायचा, "ऊन फार आहे, थोड्या वेळानं काढू" म्हणायचं आणि पुढं सरकायचं. अकरा फेऱ्या झाल्या. स्नेहलच्या टाचा भाजल्या, ऋषी एका फेरीत बांधावर बसल्या बसल्या पेंगला, हर्षालीचा आवाज बसला. हेरगिरीत एवढी तंगडतोड असते हे स्नेहलला कुणी सांगितलं नव्हतं.

चारला लाईट गेली. स्नेहलनं चार्जरमधले दोन सेल काढले. ते कोमट लागले. तिनं ते कॅमेऱ्यात घातले. टिंग! भिंग बाहेर आलं, आणि बाहेरच राहिलं. पडद्यावर सेलचं चित्र भरलेलं!

त्याच क्षणी परसदारातून काका आत येत होते. दिवसभर कडब्याच्या गंजीत लपवलेला करडा डबा काखेत होता, पुन्हा विहिरीवर नेऊन ठेवायला. हर्षालीनं कॅमेरा उचलला आणि लख्खकन फोटो घेतला.

काकूनं पडदा पाहिला. मग काकांकडं पाहिलं. मग पोरांकडं. स्नेहलनं सगळं सांगून टाकलं, सयाजीमामांपासून उसात पळालेल्या आबांपर्यंत, आणि प्रकल्पाची थापही लपवली नाही.

काकांनी डबा खाली ठेवला आणि ते उंबऱ्यावर बसले. "दमलो व्हतो गं," ते म्हणाले. "महिना झाला रात्री झोप नाय. दिवसा दोन तास पाणी फिरलं तर रात्री तेवढं आडवं व्हता येईल, एवढंच मनात व्हतं. मला वाटलं, वस्तीत मी एकटाच."

"एकेकटे तिघं होतात," काकू म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "मीही दमलेय. आणि ती डोंगरातली माणसं, त्यांचं काय?"

संध्याकाळी तिघं गडी ओट्यावर समोरासमोर बसले, तेव्हा त्यांना आधी एकमेकांचा राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी हसू आलं. दिवसाचे डबे बंद करायचे आणि रात्री दारं धरायला पाळीपाळीनं एकमेकांच्या सोबतीला जायचं, म्हणजे प्रत्येकाला एखादी रात्र पुरी झोप मिळेल, असं ठरलं. हौशीरामभाऊ उठता उठता म्हणाले, "दादाभाऊ, तुझ्या पोरींनी आन् या बारक्यानं आमाला पार गंडवलं की! पण ब्येस केलं!"

"माझा आठ दिवसांचा घोर यांनी दोन दिवसांत घालवला," काकूनं तिघांना जवळ ओढलं. "उद्या माझ्याबरोबर तळेघरला चला. तुमचं काम डोळ्यांनी बघा."

शुक्रवारी पहाटेची एसटी, मग मंचरला दुसरी एसटी, मग घाटातली वळणं. शाळेच्या पडवीत माणसं आधीच येऊन बसली होती. काकू फोटो काढत होती, हर्षाली नावं लिहीत होती, ऋषी पाणी देत होता, आणि स्नेहल प्रत्येक फोटोनंतर सेलचं चित्र बघत होती. दहा झाले. अकरावा निघाला! काकूनं एकदा डोळे मिटले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. एकतीस झाले, बत्तीस झाले.

शेवटी गोजरबाई आल्या. सत्तरीच्या, काठी टेकत, पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ. त्या बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. फोटो निघाला. स्नेहलनं पडदा त्यांच्यासमोर धरला, पण त्यांनी फोटोकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"पोरी, झालं?" त्यांनी विचारलं. "आता परत यायचं न्हाई ना?"

"नाही आजी. झालं."

"नक्की?"

"नक्की!"

"मग बसते जरा," गोजरबाई म्हणाल्या, आणि भिंतीला पाठ टेकून त्यांनी दोन्ही पाय लांब केले.